‘स्वस्त धान्य’ आणि ‘रास्त भाव’ : इंग्रजीतील किंमतवाचक विशेषणांविषयी

नववीच्या वर्गातील एका वहीपासून प्रारंभ करतो. ‘आमच्या गावचा बाजार’ या विषयावर इंग्रजीतून दहा ओळी लिहावयास मी सांगितल्या होत्या. दिवाळीच्या सुटीनंतरचे दिवस होते. वसतिगृहातील बहुतेक मुले आपापल्या गावी कापूस वेचून नुकतीच परतली होती. एका मुलाने लिहिले, ‘द प्राइस ऑफ अवर कॉटन वॉज व्हेरी चीप.’ मी ‘चीप’ या शब्दाखाली लाल रेघ ओढली, वर ‘लो’ असे लिहिले आणि वही परत केली. तास संपल्यावर तो मुलगा वही घेऊन टेबलाशी आला. ‘‘सर, अर्थ तर तोच होते ना?’’ मी म्हणालो, ‘‘अर्थ कळतो, पण इंग्रजीत तसे म्हणत नाहीत.’’ तो ‘‘बरं सर’’ म्हणून निघून गेला.

‘तसे म्हणत नाहीत’ हे भाषाशिक्षकाचे सर्वांत आळशी उत्तर होय आणि ते मी अनेकदा दिले आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज नागपूर-पुण्यापासून दूरदूरच्या शहरांत नोकरी-व्यवसाय करीत आहेत. पालकांपैकी काहींचे लहानमोठे उद्योग आहेत. दरपत्रक, भाड्याचा करार, शिष्यवृत्तीचा अर्ज, अशा ठिकाणी हीच विशेषणे रोज लागतात. म्हणून त्या मुलाला जे पूर्ण उत्तर द्यावयास हवे होते, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सविस्तर मांडतो.

नियम एका वाक्यात सांगता येतो. इंग्रजीत वस्तू ‘एक्स्पेन्सिव्ह’ किंवा ‘चीप’ असते. किंमत मात्र ‘हाय’ किंवा ‘लो’ असते. ‘द शर्ट इज चीप’ हे बरोबर, ‘द प्राइस ऑफ द शर्ट इज लो’ हेही बरोबर. ‘द प्राइस इज चीप’ हे इंग्रजी कानाला खटकते. ‘चीप’ या शब्दाच्या पोटातच किंमत बसलेली आहे. ज्याची किंमत कमी ते चीप. मग कमी किमतीची किंमत कशी असेल?

हा नियम शिकविण्यासाठी मला पुढे एक हक्काचे साधन सापडले आणि ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. शिधापत्रिकेवर धान्य मिळणाऱ्या दुकानाला आपण ‘स्वस्त धान्य दुकान’ म्हणतो. त्याच दुकानाचे दुसरे नाव ‘रास्त भाव दुकान’ असे आहे. ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. ‘स्वस्त’ हे विशेषण धान्याला लागले, म्हणजे वस्तूला. ‘रास्त’ हे विशेषण भावाला लागले. इंग्रजी नाव ‘फेअर प्राइस शॉप’ हे दुसऱ्या नावाचे भावंड आहे. ते ‘चीप प्राइस शॉप’ झाले नाही आणि होऊही शकत नव्हते. शेकडो वेळा त्या पाटीखाली पिशवी घेऊन उभ्या राहिलेल्या मुलांना हे सांगितले, की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

आता प्रश्न असा, की आपली मुले ही चूक का करतात? त्याची मुळे मराठीतच आहेत आणि ती एक नसून दोन आहेत.

पहिले मूळ ‘महाग’ आणि ‘स्वस्त’ या शब्दांच्या आपल्या सैल वापरात आहे. ‘महाग’ हा शब्द संस्कृत ‘महार्घ’ यापासून आला. ‘अर्घ’ म्हणजे मूल्य. महार्घ म्हणजे ज्याचे मूल्य मोठे आहे ते. अर्थात मुळात हे वस्तूचेच विशेषण. ‘भाव महाग झाले’ असे म्हणणे म्हणजे ‘मोल मोठ्या मोलाचे झाले’ असे म्हणणे. परंतु बोलताना आपण ते सर्रास म्हणतो आणि दुकानांच्या जाहिराती तर ‘स्वस्त दरात’ या शब्दांवाचून पुऱ्याच होत नाहीत. मराठीने ही सवलत स्वतःला दिली आहे आणि तिच्याबद्दल मराठीला दोष देण्याचे कारण नाही. इंग्रजीने ती दिलेली नाही, एवढेच लक्षात ठेवावयाचे. बोलण्याच्या ओघात इंग्रजीभाषक माणसाच्या तोंडूनही ‘चीप प्राइसेस’ असे निघून जाते. पण लेखी अर्जात आणि परीक्षेत ते चालत नाही.

दुसरे मूळ ‘जास्त’ आणि ‘कमी’ या जोडीत आहे. मराठीत ‘जास्त’ हा शब्द तुलनाही दाखवितो आणि प्रमाणही. त्यामुळे ‘किंमत जास्त आहे’ याचे मुले ‘द प्राइस इज मोअर’ असे करतात आणि ‘कमी किंमत’ याचे ‘लेस प्राइस’. इंग्रजीत ‘मोअर’ ऐकले, की ऐकणारा ‘कशापेक्षा?’ याची वाट पाहतो. शिवाय किंमत ही त्या भाषेच्या कल्पनेत ढीग नसून उंची आहे. ढीग कमी-जास्त होतो, उंची वर-खाली होते. म्हणून प्राइस ‘हाय’ असते, ‘लो’ असते, ‘राइज’ होते, ‘फॉल’ होते. ही कल्पना आपल्याला परकी नाही. बाजार समितीत उभा असलेला शेतकरी ‘भाव चढला’, ‘भाव उतरला’, ‘भाव पडला’ असेच म्हणतो. भाव जणू टेकडीवर वावरतो. इंग्रजीतील ‘स्टीप प्राइस’ हा प्रयोग तर आपल्या ‘चढ्या भावा’चा सख्खा भाऊ शोभतो, कारण ‘स्टीप’ म्हणजे उभ्या चढणीचा. ‘एक्झॉर्बिटंट’ हा भारदस्त शब्द मुलांना पाठ होत नसे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘ऑर्बिटा’ म्हणजे गाडीच्या चाकाने पडलेली वाट, चाकोरी, आहे हे सांगितल्यावर तो राहिला. चाकोरी सोडून भरकटलेली किंमत ती एक्झॉर्बिटंट; आपण ‘अवाच्या सवा’ म्हणतो ती. बंडीच्या चाकोऱ्या पाहिलेल्या मुलांना याहून अधिक स्पष्टीकरण लागले नाही.

‘चीप’ या शब्दाची कथा थोडी दुःखद आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ शब्द सौदा, बाजार या अर्थाचा होता. लंडनमधील ‘चीपसाइड’ हा रस्ता त्या बाजाराचीच खूण आहे. चांगल्या सौद्याला ‘गुड चीप’ म्हणत. पुढे ‘गुड’ गळून पडले आणि एकटा ‘चीप’ उरला. नंतर त्याला कमी प्रतीचा, हलका, असाही अर्थ चिकटला. मराठीत तर तो शब्द जवळजवळ शिवीसारखाच वापरला जातो. कोणाचे वागणे ‘चीप’ म्हटले, की भांडण ठरलेले.

या अर्थबदलाचा प्रत्यय मला एका माउलीने दिला. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईचा महिला बचत गट पापड, शेवया आणि तिखट करून विकत असे. शहरातील प्रदर्शनासाठी इंग्रजी पाटी हवी म्हणून त्या आल्या आणि कोणीतरी करून दिलेला मजकूर दाखविला. त्यात ‘चीप होममेड पापड’ असे ठसठशीत अक्षरांत होते. व्याकरणदृष्ट्या त्यात काहीच चूक नव्हती. विशेषण वस्तूलाच लागले होते. पण वाचणाऱ्याला त्यातून ‘हलक्या प्रतीचे पापड’ असे ऐकू आले असते. ‘‘ताई, यातून तुमच्या पापडाचा अपमान होतो,’’ असे मी म्हणालो. त्या हसल्या. ‘‘सर, पापड एक नंबर हाये. भाव तेवढा कमी ठेवला,’’ असे म्हणाल्या. त्यांच्या या दोन वाक्यांत सारे व्याकरण आले होते : गुण पापडाचा, कमीपणा भावाचा. आम्ही पाटीवर ‘होममेड पापड, रीझनेबल प्राइसेस’ असे लिहिले. ‘रीझनेबल’ म्हणजे वाजवी. ते किमतीलाच शोभते. वस्तूलाच विशेषण लावावयाचे असेल, तर ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ हा निरुपद्रवी शब्द आहे. ‘अफोर्डेबल’ म्हणजे घेणाऱ्याच्या ऐपतीत बसणारे. आणि ‘इकॉनॉमिकल’ म्हणजे विकत घेताना कदाचित महाग, परंतु वापरताना बचत करणारे. कमी वीज खाणारा पंप इकॉनॉमिकल असतो, तो चीप असेलच असे नाही.

‘कॉस्टली’ हा आपल्याकडे फार लाडका शब्द आहे. तो वस्तूला चालतो, पण त्याचे खरे बळ नुकसान दाखविण्यात आहे. ‘अ कॉस्टली मिस्टेक’ म्हणजे महागात पडलेली चूक. इथे मराठी आणि इंग्रजी अगदी हातात हात घालून चालतात. ‘मोठी किंमत मोजावी लागली’ असे आपण म्हणतो तेव्हा इंग्रजीत ‘हेवी प्राइस’ म्हणतात, मात्र ते केवळ लाक्षणिक अर्थाने. भाजीची किंमत कधी ‘हेवी’ नसते.

आणि ‘डिअर’. पत्राच्या आरंभी ‘प्रिय’ म्हणून येणारा हा शब्द जुन्या वळणाच्या इंग्रजीत ‘महाग’ या अर्थीही येतो. मुलांचा यावर विश्वास बसत नसे. मग मी त्यांना विचारी, की नोकरदार माणसाच्या वेतनात ‘डीए’ असतो तो काय? महागाई भत्ता, ‘डिअरनेस अलाउन्स’. जे दुर्मीळ, ते मौल्यवान आणि तेच प्रियही, अशी ती अर्थाची वाटचाल आहे. मराठीने मात्र ‘महाग’ला एका अधिक कठोर ठिकाणी नेले. ‘अन्नाला महाग झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा अन्न महाग नसते, माणूस महाग असतो. हा प्रयोग इंग्रजीत शब्दशः नेता येत नाही. ज्यांच्या आजी-आजोबांनी ते दिवस काढले, त्यांना त्याचे भाषांतर लागतही नाही.

इथवर व्याकरण झाले. परंतु त्या मुलाच्या वाक्यात माझ्या लाल रेघेच्या खाली आणखी काही होते, ते मला फार उशिरा दिसले. समजा, त्याने व्याकरणाची चूक केली नसती आणि ‘अवर कॉटन वॉज व्हेरी चीप’ असे लिहिले असते. मी त्यावर बरोबरची खूण केली असती. तरीही ते वाक्य चुकीच्या बाजूने लिहिलेले ठरले असते. ‘चीप’ आणि ‘एक्स्पेन्सिव्ह’ हे मुख्यतः विकत घेणाऱ्याचे शब्द आहेत. ‘एक्स्पेन्सिव्ह’च्या मुळाशी तर खर्चासाठी वजन करून पैसे देणे हाच अर्थ आहे, आपणही पैसे ‘मोजतो’ म्हणतो. ज्याच्या खिशातून पैसा जातो, त्याला वस्तू स्वस्त किंवा महाग वाटते. कापूस आणणाऱ्याच्या खिशात पैसा येतो. तो आपल्या मालाला कधी ‘स्वस्त कापूस’ म्हणत नाही. तो म्हणतो ‘भाव भेटला नाही’. इंग्रजीत यासाठी वेगळी वाक्यरचना आहे : ‘अवर कॉटन फेच्ड अ लो प्राइस’, किंवा ‘वी गॉट अ पुअर प्राइस फॉर अवर कॉटन’. पाठ्यपुस्तकातील बाजारविषयक धडे जवळजवळ सर्व ग्राहकाच्या तोंडून असतात : पेन किती रुपयांना, भाजी किती रुपये किलो. शेतकऱ्याचा मुलगा इंग्रजी शिकताना आपल्याच बापाच्या कापसाचे गिऱ्हाईक होऊन बसतो. ‘गुड प्राइस’ हा शब्द या दृष्टीने मोठा बोधक आहे. विकणारा ‘गुड प्राइस’ म्हणतो तेव्हा ती उंच असते. घेणारा म्हणतो तेव्हा ती खालची असते. ‘चांगला भाव’ या आपल्या प्रयोगाचीही तीच गत आहे. बोलणारा काट्याच्या कोणत्या बाजूला उभा आहे, ते कळल्याशिवाय अर्थ लागत नाही.

आपल्या वर्धा जिल्ह्याला हा काटा फार जुना परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात हिंगणघाटचा कापूस सातासमुद्रापार इंग्लंडच्या व्यापाऱ्यांना नावाने ठाऊक होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि हिंदुस्थानच्या कापसाचे भाव कडाडले. युद्ध संपताच ते कोसळले. लँकेशायरच्या गिरणीमालकाच्या लेखी तो काळ महाग कापसाचा, मुंबईच्या निर्यातदाराच्या लेखी उत्तम भावाचा. पुलगावहून आर्वीला येणारी अरुंद मापाची छोटी रेल्वेही कापसाच्याच ओढीने आली. आमच्या पिढीने तिच्यातून प्रवास केला आहे. तिच्याविषयी इंग्रजीत लिहावयाचे, तर ‘द फेअर वॉज लो’ आणि ‘द जर्नी वॉज चीप’. वेगाविषयी न लिहिलेलेच बरे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलनशास्त्राचा तो ग्रंथ अवघड आहे. त्यातील एकच सूत्र येथे उपयोगी पडते. रुपयाचे खरे मोल त्याच्या खरेदीशक्तीत आहे. म्हणजे ‘किमती उंच आहेत’ आणि ‘रुपया उतरला आहे’ ही एकाच घटनेची दोन वाक्ये. कोणते वाक्य निवडावयाचे, हे कोणाचा विचार चालला आहे त्यावर ठरते. रुपयाचा भाव खाली ठेवून किमती वाढू दिल्या, तर व्यापाऱ्याला लाभ होतो, पण मजुरी त्या वेगाने वाढत नसल्याने तो लाभ मजुराच्या पदरातून जातो, हे बाबासाहेबांनी तेव्हा दाखवून दिले होते. ‘हाय प्राइस’ या दोन शब्दांपुढे ‘कोणासाठी?’ हा प्रश्न त्यांनी असा उभा केला.

‘प्राइस’विषयी बोलणे झाले, पण ‘कॉस्ट’ हा तिचा जुळा भाऊ वाटत असला तरी निराळा आहे. घेणारा देतो ती प्राइस. करणाऱ्याला पडतो तो कॉस्ट. कॉस्टही ‘हाय’ किंवा ‘लो’ असतो, ‘चीप’ नसतो. मात्र त्याच्यामागे लागणारी काही विशेषणे अशी आहेत, की त्यांच्यावर घरातील वर्षाची बेरीज-वजाबाकी अवलंबून राहते. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झाला, लांब धाग्याचा ८,११० रुपये. मध्यम धाग्यासाठी सरकारने धरलेला उत्पादन खर्च ५,१४० रुपये होता. त्याची दीडपट केली, की बरोबर ७,७१० येतात. गणितात खोट नाही. वाद आहे तो ‘कॉस्ट’ या नामाआधी कोणते विशेषण लावावयाचे याचा. बियाणे, खत, फवारणी, मजुरी असा प्रत्यक्ष हातून गेलेला खर्च म्हणजे ‘पेड-आउट कॉस्ट’. कृषी मूल्य आयोगाच्या परिभाषेत ए-२. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे अंदाजलेले मोल मिळविले, की ए-२ अधिक एफएल. दीडपट याचीच केली जाते. त्यात पुन्हा स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरले, की ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह कॉस्ट’, म्हणजे सी-२. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने उत्पादन खर्चावर किमान ५० टक्के अधिक भाव द्यावा असे सुचविले. शेतकरी संघटना तो खर्च सी-२ धरावा असे म्हणतात. एका विशेषणाच्या अंतरावर क्विंटलमागे शेकडो रुपये उभे आहेत. ‘व्याकरणाने पोट भरते का?’ असे विचारणाऱ्या पालकांना मी हे उदाहरण देत असे.

जाता जाता याच ठिकाणी एक सांगावेसे वाटते. आपण ‘हमीभाव’ म्हणतो. इंग्रजी नाव ‘मिनिमम सपोर्ट प्राइस’ असे आहे. ‘सपोर्ट’ म्हणजे आधार. हमी आणि आधार यांत केवढे अंतर आहे, ते खरेदी केंद्र उशिरा सुरू झाले म्हणजे कळते. शासकीय मराठीतील ‘किमान आधारभूत किंमत’ हा शब्द बोजड असला, तरी तोच मूळ इंग्रजीशी प्रामाणिक आहे.

फी, भाडे, मजुरी यांची विशेषणेही किमतीसारखीच चालतात, म्हणून त्यांचा विस्तार करीत नाही. फी ‘हाय’, भाडे ‘हाय’, मजुरी ‘लो’. नाममात्र फी ती ‘नॉमिनल’. ‘प्राइसलेस’ या शब्दाने मात्र अनेक विद्यार्थ्यांचे गुण घालविले आहेत. ‘लेस’ लागले म्हणजे किंमत नाही, असे त्यांना वाटते; वस्तुतः जिची किंमत करताच येत नाही ती वस्तू प्राइसलेस. ज्याला काडीचीही किंमत नाही ते ‘वर्थलेस’. आपले ‘अमूल्य’ आणि ‘मूल्यहीन’ आठवले, तर गोंधळ होत नाही.

शेवटी एका अर्जाची हकिकत सांगतो. दहावीनंतर शहरात शिकावयास गेलेला आपला एक माजी विद्यार्थी सुटीत भेटावयास आला. ‘‘जयभीम, सर,’’ म्हणून त्याने एक कागद पुढे केला. वसतिगृहाच्या शुल्कात सवलत मिळावी म्हणून वडिलांनी मराठीत लिहिलेला तो अर्ज इंग्रजीत करावयाचा होता. त्याने स्वतः केलेल्या भाषांतरात ‘यूअर फी इज व्हेरी एक्स्पेन्सिव्ह’ असे वाक्य होते. त्यात विशेषण चुकलेच होते, शिवाय समोरच्यावर दोषारोपही होत होता. वडिलांच्या मूळ अर्जात तसे काहीच नव्हते. त्यांनी एकच ओळ लिहिली होती : ‘शेती परवडत नाही, म्हणून फी परवडत नाही.’

त्या ओळीपाशी आम्ही बराच वेळ बसलो. त्याने आधी दोन्हीकडे ‘अफोर्ड’ घातले. ‘वी कॅनॉट अफोर्ड फार्मिंग’ असे म्हटले, तर वाचणाऱ्याला वाटेल, की शेती हा एखादा खर्चिक छंद आहे आणि तो यांना झेपत नाही. शेती परवडत नाही, म्हणजे घातलेला पैसा आणि घाम परत येत नाही. इंग्रजीत ‘फार्मिंग डझ नॉट पे’. फी परवडत नाही, म्हणजे देण्याची ऐपत नाही. तिथे ‘अफोर्ड’ योग्य. मराठीने एकाच क्रियापदात विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे, दोघांचेही दुःख बसविले आहे. इंग्रजीत त्यासाठी दोन क्रियापदे लागतात. आम्ही ती दोन्ही घातली, ‘एक्स्पेन्सिव्ह’ खोडले आणि खाली वडिलांच्या सहीसाठी जागा सोडली.